पोटाला मुका मार आणि लिव्हर: सीटी कसा घ्यायचा, कसा वाचायचा, त्यावरून काय ठरवायचं

लिव्हरला मुका मार लागलेल्या पेशंटच्या सीटी रिपोर्टच्या शेवटी ठळक अक्षरांत 'ग्रेड ४' (इजेच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी) लिहिलेलं असतं. कॅज्युअल्टीतले सगळे तेवढंच वाचतात आणि धावपळ सुरू होते. खरं तर ग्रेड ४ चे कितीतरी पेशंट ऑपरेशन न होता चालत घरी जातात, आणि ग्रेड ३ चा एखादा मध्यरात्री अँजिओग्राफीच्या टेबलावर असतो. उपचार ठरतो तो पेशंटच्या बीपीवरून आणि रक्त अजून वाहतंय की थांबलंय यावरून. लिव्हर किती फाटलंय हा त्यानंतरचा प्रश्न. सीटी घेतानाही हाच क्रम डोक्यात ठेवायचा आणि वाचतानाही.

हा लेख कॅज्युअल्टीतले मेडिकल ऑफिसर आणि सर्जरी-रेडिओलॉजीचे रेसिडेंट यांच्यासाठी आहे. तुमच्या युनिटचा स्वतःचा प्रोटोकॉल असेल, तर आधी तो पाळा.

सीटीला न्यायचं की नाही

आपल्याकडे हे पेशंट येतात ते दुचाकीचं हँडल पोटात घुसून, उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून, झाडावरून पडून, नाहीतर बैलाने डोक्याने ढुसणी देऊन. लिव्हरचा उजवा भाग मोठा, बरगड्या आणि मणका यांच्यामध्ये अडकलेला. त्यामुळे मार बहुतेक वेळा तिथेच बसतो, त्यातही मागच्या बाजूच्या ६ आणि ७ क्रमांकाच्या सेगमेंटमध्ये. डावा भाग फाटला असेल तर पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांवर संशय घ्या. हँडल किंवा सीटबेल्टचा मार तिथे मणक्यावर दाबला गेलेला असतो.

पहिला नियम सगळ्यांना पाठ असतो, पण मोडतो नेमका तोच. अस्थिर पेशंटला सीटीला न्यायचं नाही. बीपी ९० च्या खाली, हातपाय गार, पेशंट बरळतोय, आणि फास्ट सोनोग्राफीत (कॅज्युअल्टीतच झटपट करायच्या तपासणीत) पोटात रक्त दिसतंय, तर रस्ता ऑपरेशन थिएटरचा. सीटीच्या बोगद्यात ना नीट सीपीआर देता येतो, ना रक्तस्राव थांबवता येतो.

घोळ होतो तो मधल्या पेशंटचा. एक लिटर सलाइन गेल्यावर बीपी ११० होतं, सगळे हुश्श करतात, आणि वीस मिनिटांनी ते पुन्हा ८५ वर येतं. तरुण माणसाचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं, म्हणून नाडीही बघा. नाडी भागिले वरचं बीपी हा आकडा १ च्या वर गेला, म्हणजे उदाहरणार्थ नाडी १२० आणि बीपी १०० असेल, तर त्याला स्थिर म्हणू नका. मशीन कॅज्युअल्टीला लागून असेल, सोबत रक्त चालू असेल आणि सर्जन शेजारी उभा असेल, तर अशा पेशंटचा सीटी करता येतो. मशीन रस्त्यापलीकडच्या खाजगी सेंटरमध्ये असेल आणि स्ट्रेचर दोन वेळा लिफ्टमधून न्यायचं असेल, तर उत्तर वेगळं. हा निर्णय पुस्तकातून मिळत नाही, आपल्या इमारतीच्या नकाशावरून घ्यावा लागतो.

फास्ट निगेटिव्ह आली म्हणून लिव्हर सुखरूप, असंही नाही. फास्ट पोटात मोकळं झालेलं रक्त दाखवते. रक्त लिव्हरच्या आतच असेल, किंवा लिव्हरच्या मागे जिथे पोटाचा पडदाच नसतो त्या उघड्या भागातून मागच्या बाजूला झिरपलं असेल, तर मॉरिसन पाउच (लिव्हर आणि उजव्या किडनीमधली जागा) कोरडाच दिसतो. उजव्या खालच्या बरगड्या मोडल्या असतील, पोट दुखत असेल किंवा लघवीत रक्त असेल, तर फास्ट काहीही म्हणो, स्थिर पेशंटचा सीटी करा.

दरम्यान रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड विसरू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या अभ्यासानंतर त्याची पद्धत पक्की झाली आहे: मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांत.

स्कॅन कसा घ्यायचा

सुरुवात सुईपासून. हाताच्या मागच्या बाजूला निळी, बारीक कॅन्युला (शिरेतली सुई-नळी) लावून पेशंट सीटीला पाठवला की अर्धा स्कॅन तिथेच वाया गेला. कोपराच्या खोबणीत हिरवी, म्हणजे १८ गेजची कॅन्युला हवी; नाइलाज असेल तर गुलाबी. कारण कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या सीटीवर उजळवणारं औषध) सेकंदाला ३ ते ५ मिलीच्या वेगाने जायला हवा. मोठ्या माणसाला साधारण १०० ते १२० मिली नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्ट लागतो. प्रेशर इंजेक्टर नसेल आणि हाताने ढकलला असेल, तर तसं रिपोर्टमध्ये लिहा. कारण मग 'आर्टेरियल फेजमध्ये काही दिसलं नाही' या वाक्याला फारशी किंमत उरत नाही.

तोंडावाटे कॉन्ट्रास्ट पाजायची गरज नाही. वेळ जातो, आणि उलटी होऊन फुप्फुसात जायची भीती वेगळीच. क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठीही थांबू नका. गंभीर अपघातात तो हिशेब नंतरचा.

'क्रिएटिनिन यायचंय, तोवर साधा सीटी करून घेऊ' ही सवय मात्र मोडायलाच हवी. कॉन्ट्रास्टशिवाय लिव्हरमधली चीर आजूबाजूच्या पेशींत मिसळून जाते आणि वाहतं रक्त कळण्याचा प्रश्नच येत नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, नातेवाईकांना धीर येतो, पेशंट जनरल वॉर्डात जातो. त्यापेक्षा सीटी न केलेला परवडला, निदान सगळे सावध तरी राहतात.

स्कॅनचे टप्पे, म्हणजे फेज, एकूण तीन. इंजेक्शन सुरू झाल्यापासून २५ ते ३५ सेकंदांनी आर्टेरियल (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना), ६५ ते ७० सेकंदांनी पोर्टल व्हेनस (तो लिव्हरच्या शिरांत पोचल्यावर), आणि गरज असेल तर ३ ते ५ मिनिटांनी डिलेड. लिव्हरची चीर सगळ्यात स्पष्ट दिसते ती पोर्टल फेजमध्ये. धमनीची इजा आर्टेरियलमध्ये. डिलेड सरसकट घेऊ नका. रेडिओलॉजिस्ट किंवा रेसिडेंटने कन्सोलवर उभं राहून पहिल्या दोन फेज बघायच्या आणि शंका असेल तरच तिसरी घ्यायला सांगायची. लहान मुलांत रेडिएशनचा विचार जास्त काटेकोरपणे करावा लागतो. तिथे बहुतेक वेळा एकटी पोर्टल फेज पुरते.

पेशंटचे हात डोक्यावर घ्या. खांदा मोडल्यामुळे ते जमत नसेल, तर पोटावर उशी ठेवून त्यावर हात ठेवा. अंगालगत मात्र ठेवू नका. हाताच्या हाडांमुळे लिव्हरवर काळे-पांढरे पट्टे पडतात आणि ते हुबेहूब चिरेसारखे दिसतात. ईसीजीच्या वायरीही बाजूला करा.

पडद्यावर काय बघायचं

आधी लिव्हर बघूच नका. फास्टमध्ये रक्त दिसलं होतं म्हणून सगळे थेट उजवीकडे जातात आणि फुटलेली प्लीहा किंवा आतड्यातून सुटलेली हवा मागे राहते. पहिली नजर इन्फिरिअर व्हेना केव्हावर (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेवर) टाका. ती किडनीच्या पातळीला चपटी, फितीसारखी दिसत असेल, तर पेशंटच्या रक्तवाहिन्या रिकाम्या आहेत, मग मॉनिटरवरचं बीपी काहीही सांगो. हे दिसलं की रिपोर्ट टाइप करण्याआधी फोन उचला.

मग रक्त शोधा. पोटातलं द्रव कशाचं आहे ते सीटीवर घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्ड आकड्यांवरून बरंचसं कळतं. ० ते २० म्हणजे पाणी, पित्त, लघवी किंवा जुनं जलोदर. ३० ते ४५ म्हणजे न गोठलेलं रक्त. ४५ ते ७० म्हणजे गोठलेलं. गोठलेलं रक्त जिथून आलं त्याच्याच जवळ बसतं, आणि ही खूण फार कामाची आहे. लिव्हरभोवती पातळ रक्त पण प्लीहेजवळ घट्ट गोळा दिसला, तर रक्ताचा उगम डावीकडे आहे. पेशंट खूप अ‍ॅनिमिक असेल तर हे सगळे आकडे थोडे खाली सरकतात. आपल्याकडे हिमोग्लोबिन ८ असलेली बाई अपघातात सापडणं काही दुर्मीळ नाही, त्यामुळे तिच्या पोटातलं २५ आकड्याचं पाणी 'फ्लुइड' म्हणून सोडून देऊ नका.

किती रक्त आहे याचा ढोबळ अंदाज जागांवरून येतो. मॉरिसन पाउच किंवा लिव्हरभोवतीच्या एकाच जागेत असेल तर थोडं, उजव्या पॅराकोलिक गटरमध्ये (मोठ्या आतड्याच्या बाजूच्या खोबणीत) उतरलं असेल तर मध्यम, ओटीपोटापर्यंत साचलं असेल तर अर्ध्या लिटरच्या वर धरून चाला. पण नुसतं रक्त जास्त दिसतंय हे पोट उघडायचं कारण होत नाही. ते आधी वाहून थांबलेलं असू शकतं.

आता लिव्हर. डायफ्रामच्या घुमटापासून खाली, सावकाश, पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्याची मर्यादा, म्हणजे विंडो, अरुंद करून (रुंदी १५० ते २०० च्या आसपास) बघा. मग कोरोनल आणि सॅजिटल (समोरून आणि बाजूने बघितलेल्या) प्रतिमांत तेच पुन्हा. घुमटाजवळची चीर आडव्या प्रतिमांत हमखास निसटते. चीर म्हणजे काळपट, वेडीवाकडी, फांद्या फुटलेली रेघ. ती पृष्ठभागापासून किती खोल गेली आहे ते सेंटिमीटरमध्ये मोजा. कॅप्सूलखालचा हिमॅटोमा, म्हणजे लिव्हरच्या आवरणाखाली साचलेलं रक्त, लिव्हरला बाहेरून दाबतो, कड आत ढकलतो. पोटात मोकळं असलेलं रक्त तसं दाबत नाही. दोघांतला फरक एवढ्यावरच ओळखता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चीर कुठपर्यंत पोचली आहे. हिपॅटिक व्हेन्सपर्यंत (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांपर्यंत) किंवा लिव्हरमागच्या व्हेना केव्हापर्यंत गेली असेल, तर ऑपरेशनची शक्यता बरीच वाढते, आणि ते ऑपरेशन सोपं नसतं. पोर्टा हिपॅटिसकडे (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका लिव्हरला जिथे जोडतात तिकडे) गेली असेल, तर पुढे पित्त गळण्याची तयारी ठेवायची.

वाहतं रक्त की स्यूडोअ‍ॅन्युरिझम

समजा, २६ वर्षांचा तरुण आहे, उजव्या बरगड्यांखाली हँडल लागलंय, बीपी ११०. आर्टेरियल फेजमध्ये सेगमेंट ७ मधल्या चिरेत एक पांढरा ठिपका दिसतो. त्यावर कर्सर ठेवा, मग शेजारच्या एओर्टावर ठेवा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर ठिपका धमनीतला कॉन्ट्रास्ट आहे. आता पोर्टल आणि डिलेड फेज शेजारी शेजारी लावा.

ठिपका गोल, कडा रेखीव, आकार तोच, आणि एओर्टा फिकी पडली तसा तोही फिका पडला, तर स्यूडोअ‍ॅन्युरिझम. रक्त अजून भिंतीच्या आत आहे, पण ती भिंत कच्ची आहे. ठिपका पसरला, त्याचा आकार बदलला, आणि आजूबाजूचं सगळं फिकं पडल्यावरही तो पांढराच राहिला, तर रक्त या क्षणी वाहतंय. साचलेला कॉन्ट्रास्ट परत रक्तात जात नाही म्हणून तो टिकतो. आणि पोर्टल किंवा हिपॅटिक व्हेन आर्टेरियल फेजमध्येच वेळेआधी उजळली असेल, तर धमनी आणि शिरा यांच्यात फिस्टुला (थेट जोड) तयार झाला आहे.

वाहतंय हे ठरलं की पुढचा प्रश्न: कुठे? लिव्हरच्या आतच असेल आणि पोटात रक्त नसेल, तर थोडी उसंत आहे. कॅप्सूल ओलांडून थेट पोटात पिचकारी दिसत असेल, तर उसंत नाही. तिथे रक्ताला थोपवून धरणारं काहीच नसतं. रिपोर्टमध्ये हे पहिल्या ओळीत हवं.

फसवणाऱ्या गोष्टी

पोर्टल व्हेनच्या दोन्ही बाजूंनी काळपट किनार दिसली की नवशिके तिला चीर म्हणतात. भरपूर सलाइन दिलेल्या पेशंटमध्ये ती सूज असते, आणि सगळ्या लिव्हरभर सारखी दिसते. नुसती तेवढीच असेल तर ग्रेड देऊ नका.

फॅटी लिव्हर ही दुसरी पंचाईत, आणि ती आता तिशीतल्या पेशंटमध्येही भेटते. मूळ लिव्हरच काळपट असल्यामुळे चीर त्यात बुडून जाते, कधी तर आतलं रक्त लिव्हरपेक्षा उजळ दिसतं. फॅल्सिफॉर्म लिगामेंटजवळचा चरबीचा पट्टा, जन्मजात फटी, गाठी यांनाही चीर म्हटलं जातं. पण त्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि शेजारी रक्त नसतं. श्वास हलल्यामुळे लिव्हरच्या कडेवर दुहेरी रेघ आली असेल, तर तीच रेघ किडनीच्या कडेवरही सापडेल.

उजवी अ‍ॅड्रिनल बघायला विसरू नका. तिथला हिमॅटोमा आणि लिव्हरच्या मागच्या भागातली चीर अनेकदा जोडीने येतात.

ग्रेड

जगभर वापरली जाणारी श्रेणी अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमाची. ती १९८९ ची, १९९४ मध्ये सुधारली, आणि २०१८ च्या सुधारणेत सीटीवर दिसणारी रक्तवाहिनीची इजा पहिल्यांदा आत आली. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, कारण जुना ग्रेड २ आता ३ होऊ शकतो. पूर्वीचा ग्रेड ६ ही आता नाही.

- ग्रेड १: कॅप्सूलखालचा हिमॅटोमा पृष्ठभागाच्या १० टक्क्यांहून कमी, चीर १ सेंमीपेक्षा कमी खोल.
- ग्रेड २: कॅप्सूलखालचा हिमॅटोमा १० ते ५० टक्के, आतला हिमॅटोमा १० सेंमीहून लहान, चीर १ ते ३ सेंमी खोल आणि १० सेंमीपर्यंत लांब.
- ग्रेड ३: कॅप्सूलखालचा हिमॅटोमा ५० टक्क्यांहून जास्त किंवा फुटलेला, आतला हिमॅटोमा १० सेंमीहून मोठा, चीर ३ सेंमीहून खोल, किंवा रक्तवाहिनीची इजा अथवा लिव्हरच्या आतच राहिलेला चालू रक्तस्राव.
- ग्रेड ४: एका लोबचा २५ ते ७५ टक्के भाग फाटलेला, किंवा लिव्हरबाहेर पोटात चालू रक्तस्राव.
- ग्रेड ५: लोबचा ७५ टक्क्यांहून जास्त भाग फाटलेला, किंवा लिव्हरमागची व्हेना केव्हा अथवा मध्यवर्ती मोठ्या हिपॅटिक व्हेन्सना इजा.

ग्रेड १ किंवा २ च्या एकापेक्षा जास्त इजा असतील, तर एक ग्रेड वर चढवा, फार तर ३ पर्यंत.

वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीची पद्धत मला वॉर्डात जास्त उपयोगी वाटते. ती यावर पेशंटची स्थिती चढवते: पेशंट अस्थिर असेल तर फाटलेलं कितीही छोटं असो, तो सर्वांत वरच्या वर्गात.

आता करायचं काय

स्थिर पेशंट, पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याचा दाह) नाही, आतडं फुटलेलं नाही: ऑपरेशन नको, मग ग्रेड ५ का असेना. आज हे सरळ वाटतं, पण चार दशकांपूर्वी पोटात रक्त म्हणजे पोट उघडणं असंच समीकरण होतं. न कापता थांबण्याची हिंमत आधी मुलांच्या प्लीहेच्या बाबतीत आली. १९६८ मध्ये टोरांटोच्या सिक चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमधल्या अनुभवावर उपाध्याय आणि सिम्पसन यांनी तसं लिहिलं, त्यातले डॉ. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सक होते. मोठ्यांच्या लिव्हरपर्यंत हा विचार पोचला तो सीटी आल्यावर, कारण तोवर आत काय चाललंय हे न उघडता बघण्याची सोय नव्हती.

पण थांबणं म्हणजे वॉर्डात टाकून देणं नव्हे. ग्रेड ३ आणि वरच्यांना निदान पहिले २४ ते ४८ तास आयसीयू किंवा एचडीयू (त्याखालोखाल देखरेखीचा कक्ष), दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, त्याच डॉक्टरने पुन्हा पुन्हा पोट तपासणं, रक्ताच्या पिशव्या राखून ठेवणं, आणि रात्री तीन वाजता पोट उघडू शकेल असा सर्जन व भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर. यातलं काही नसेल तर स्थिर असतानाच पुढच्या हॉस्पिटलला पाठवा, आणि सोबत नुसता रिपोर्ट न देता सीटीची सीडी द्या. हे राहिलं की तिकडे पुन्हा सीटी होतो, पुन्हा कॉन्ट्रास्ट जातो.

आर्टेरियल फेजमध्ये रक्त वाहताना दिसलं आणि पेशंट स्थिर असेल, तर अँजिओएम्बोलायझेशन, म्हणजे बारीक नळी आतून नेऊन ती धमनी बंद करणं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणूनच धमनीची फांदी बंद केली तरी लिव्हर बहुधा तगतं. तरीही फुकट काही मिळत नाही: काही भाग मरणं, पित्ताशय सडणं, गळू होणं हे पुढच्या आठवड्यात दिसू शकतं. शिरेतला रक्तस्राव एम्बोलायझेशनने थांबत नाही, म्हणून चीर हिपॅटिक व्हेनपर्यंत गेली आहे की नाही हे रिपोर्टमध्ये इतकं महत्त्वाचं.

अस्थिर पेशंटसाठी थिएटर. तिथे पहिलं काम हाताने दाबणं आणि पॅक भरणं. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी सांगितलेली युक्ती, म्हणजे लिव्हरकडे जाणारी धमनी आणि पोर्टल व्हेन एकत्र चिमटीत धरणं, आजही तशीच वापरतात. चिमटी धरूनही रक्त येत राहिलं, तर ते बहुधा मागच्या शिरांमधून येतंय. दुरुस्तीचा हट्ट न धरता पॅक ठेवून बाहेर पडायचं, पेशंट गरम करायचा, आणि एक-दोन दिवसांनी परत जायचं.

नंतरचे दिवस

ग्रेड १ ते ३ चा पेशंट बरा होत असेल, तर पुन्हा सीटी नको. 'डिस्चार्जच्या आधी एकदा बघून घेऊ' यातून नातेवाईकांच्या खर्चापलीकडे फारसं काही निघत नाही. ताप, वाढतं दुखणं, घसरतं हिमोग्लोबिन किंवा कावीळ आली, तर ग्रेड न बघता सीटी करा. ग्रेड ४-५ मध्ये, विशेषतः पहिल्या सीटीत रक्तवाहिनीची इजा असेल तर, काही दिवसांनी पुन्हा बघणं योग्य.

दुसऱ्या सीटीत कमी आकड्याचा गोल साठा दिसला तर बायलोमाचा (साचलेल्या पित्ताचा) संशय. तापही असेल तर गळू. दोन्हींत सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने नळी टाकता येते. पित्त गळतच राहिलं तर ईआरसीपी (पित्तनलिकेपर्यंतची एंडोस्कोपी) करून स्टेंट. एम्बोलायझेशननंतर लिव्हरमध्ये हवेचे बुडबुडे दिसले म्हणून लगेच गळू म्हणू नका, धमनी बंद करायला वापरलेल्या जेलफोममध्येही हवा असते. आणि कावीळ, उजवीकडे वरती कळ आणि काळी शी हे तिन्ही एकत्र आलं, तर रक्त पित्तनलिकेत जातंय. एंडोस्कोपीच्या रांगेत दिवस घालवण्याआधी आर्टेरियल फेजसह सीटी करा.

पेशंटला आठवडाभर पलंगाला खिळवून ठेवायची गरज नाही. हिमोग्लोबिन टिकून असेल तर चालू द्या, आणि ४८ ते ७२ तासांच्या आत पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून द्यायचं हिपॅरिन सुरू करा. घरी जाताना लेखी सूचना द्या: मध्यम आणि मोठ्या इजेत तीन-चार महिने कबड्डी, कुस्ती, ओझी उचलणं बंद. चक्कर आली, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले किंवा शी काळी झाली, तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून वाट न बघता १०८ ला फोन करून सीटी असलेल्या हॉस्पिटलात यायचं, आणि येताना जुनी सीडी सोबत आणायची.